गॅलरीतल्या भाज्यांना शेणखत: आधी कुजवा, मग घाला

मुंबईत शेण मिळत नाही असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. गोरेगावला आरेमध्ये म्हशींचे तबेले आहेत, तिथे ओळख काढून गोणीभर शेण आणता येतं. अडचण पुढे सुरू होते, कारण बरेचजण ते तसंच कुंडीत घालतात. ताजं शेण मातीत तापतं, त्यातल्या अमोनियाने कोवळी मुळं करपतात, हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी फुकटात येतं. शिवाय रोगजंतू असतात ते वेगळेच.

म्हणून आधी कुजवणं. घनमीटरभर ढीग असेल तर आत ५५ अंशांच्या वर उष्णता चढते आणि जंतू, तणबिया मरतात. गॅलरीतल्या ड्रममध्ये एवढं तापत नाही, त्याची भरपाई वेळाने करायची. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये शेण आणि सुका पालापाचोळा यांचे थर द्या, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा, आठवड्याला खालवर करा. तीन-चार महिने लागतात. फेब्रुवारीत सुरुवात केली तर खत जूनपर्यंत तयार. पावसात झाकण हवंच. नाहीतर अर्धं सत्त्व वाहून जाईल, आणि तेही खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर!

तयार झालं का, हे पाहायला मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला तर ठीक. नाकाला झोंबलं तर अजून थांबा.

कुंडी भरताना लाल माती दोन भाग, शेणखत एक भाग, कोकोपीट एक भाग. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, म्हणून एवढं चालतं. कोंबडीखत त्याच्या कितीतरी पट तेज. तेही कुजवलेलंच आणि मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा कमी. लेंडीखत, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचं, या दोघांच्या मधलं आणि माझ्या मते मिरचीला सगळ्यात चांगलं. कुत्र्या-मांजराची विष्ठा मात्र अजिबात नको.

मेथी, पालक, माठ यांना पेरणीच्या वेळी घातलेलं पुरतं. वांगी, टोमॅटो, भेंडी यांना महिन्यातून एकदा मोठ्या कुंडीला दोन मुठी द्या, पण खोडापासून चार बोटं लांब. माती हलकी उकरून मिसळा आणि पाणी द्या. मुळ्याला बेताने, जास्त झालं की पाला माजतो आणि मुळा फाटे फोडतो. कोथिंबिरीसारखं कच्चं खायचं असेल त्यावर शेणाचं पाणी शिंपडू नका. खत हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

टोमॅटोचं झाड हिरवंगार पण फुलं नाहीत, असं झालं तर खत बंद करा आणि ऊन मोजा. त्याला रोज निदान सहा तास ऊन लागतं. समोर टॉवर उभा असेल तर खताने काही होणार नाही, तिथे पालक-माठच लावा.