प्लेअरमधली गाणी लॅपटॉपच्या स्पीकरवर: या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी मामेबहिणीचा फोन आला. मामांच्या भजनी मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग एका जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्ये होतं आणि घरातला स्पीकर नेमका बिघडलेला. म्हणून तिने दोन्ही टोकांना पिन असलेली ऑक्स केबल आणली, एक टोक प्लेअरला लावलं, दुसरं लॅपटॉपला. "दादा, मघाशी यूट्यूब तरी वाजत होतं, आता तेही बंद पडलंय!"

पहिल्यांदा हा उद्योग करणारे बहुतेक सगळे इथेच अडकतात, म्हणून सुरुवात इथूनच.

हेडफोनच्या भोकात केबल

लॅपटॉपवर हेडफोनचं चित्र असलेलं भोक ही आवाज बाहेर पडायची वाट आहे. प्लेअरचं भोकही तसंच. दोन्ही केबलने जोडणं म्हणजे दोन नळ तोंडाला तोंड लावून सोडणं. शिवाय पिन आत गेली की लॅपटॉपला वाटतं हेडफोन लावला, आणि तो आपले स्पीकर बंद करतो. बहिणीचं यूट्यूब गेलं ते यामुळेच. पिन काढली की आवाज परत येतो.

मग आवाज आत घेणारं भोक कोणतं? जुन्या लॅपटॉपला दोन भोकं असायची: हिरवं किंवा हेडफोनचं चित्र असलेलं बाहेरचं, गुलाबी किंवा माइकचं चित्र असलेलं आतलं. निळं, म्हणजे लाइन-इन (प्लेअरसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं), लॅपटॉपवर क्वचितच सापडतं; सापडलं तर तुम्ही नशीबवान. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपना मात्र एकच भोक असतं, त्यात हेडफोन आणि माइक दोन्ही. इथे आपली पिन नीट बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतील तर तिचे तीन भाग होतात: डावा आवाज, उजवा आवाज आणि अर्थिंग. माइकवाल्या हेडसेटच्या पिनवर तीन रेघा, म्हणजे चार भाग. एकाच भोकाच्या लॅपटॉपमध्ये माइकची वाट या चौथ्या भागातून जाते, आणि साध्या ऑक्स केबलला तो भागच नसतो. त्यामुळे केबल कितीही चांगली, कितीही महाग असली तरी आवाज आत जाणार नाही. माइक आणि हेडफोन वेगळे करणारा वाय-आकाराचा जोड मिळतो, पण प्लेअर हा माइक आहे हे लॅपटॉप त्यानेही अनेकदा ओळखत नाही. मी त्या वाटेला जात नाही. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड, म्हणजे आवाजासाठी वेगळी भोकं देणारा जोड, घ्या, फक्त दुकानात 'स्टिरिओ लाइन-इन आहे का' हे विचारून घ्या. स्वस्तातल्या बहुतेकांवर नुसतं माइकचं भोक असतं.

प्लेअर फुल, माइक फाटलेला

माइकच्या भोकातून गाणं वाजतं, पण माइककडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि प्लेअरच्या हेडफोनमधून निघणारा त्याच्या कितीतरी पट मोठा. प्लेअरचा आवाज पूर्ण ठेवून पिन लावली की गाणं भाजणीच्या चक्कीतून आल्यासारखं येतं. आधी प्लेअर अगदी खाली आणा, लॅपटॉपवरचं 'माइक बूस्ट', म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी सोय, शून्य करा आणि मग एकेक पायरी वर जा. माइकचं भोक बहुधा मोनो, म्हणजे डावं-उजवं वेगळं न घेणारं, असतं, हेही लक्षात ठेवा. तबला डावीकडे आणि गायक उजवीकडे असं रेकॉर्डिंग असेल तर एक जण गायब होऊ शकतो.

जोडलं सगळं, ऐकू काहीच नाही

आत आलेला आवाज विंडोज आपणहून स्पीकरवर सोडत नाही. तो रेकॉर्डिंगसाठी आहे असं धरून चालतं. विंडोज ११ मध्ये साउंड सेटिंग्जच्या तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये आपलं लाइन-इन किंवा माइक निवडून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, 'लिसन' टॅबवर 'लिसन टू धिस डिव्हाइस'समोर खूण करा. त्याच टॅबवरच्या प्लेबॅकच्या यादीत लॅपटॉपचे स्पीकर निवडा. मॅकवर क्विकटाइम प्लेअरमध्ये नवीन ऑडिओ रेकॉर्डिंग उघडून त्याच्या खिडकीतला आवाजाचा पट्टा वर केला की काम होतं. रेकॉर्डचं बटण दाबायची गरज नाही.

खूण केल्याबरोबर कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली, तर तुम्ही लॅपटॉपच्या अंगातला माइक निवडलाय. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये. खूण काढा, यादीतलं दुसरं नाव निवडा. काहीच वाजत नसेल तर प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये माइकची परवानगी बंद नाही ना, तेही पाहा.

आता एक चूक, जी गाणं वाजत असतानाच होते आणि म्हणून लवकर कळत नाही. माइकच्या सेटिंगमध्ये 'नॉइज सप्रेशन' आणि 'इको कॅन्सलेशन' बऱ्याचदा चालू असतात. या सोयी मीटिंगसाठी आहेत. त्यातल्या नॉइज सप्रेशनचं काम पंखा, एसी, असा एकसुरी चालणारा आवाज शोधायचा आणि दाबायचा. तानपुरा या हिशेबात पंखाच ठरतो. पेटीचा धरून ठेवलेला सूरही. ख्याल लावलात तर मागचा तानपुरा हळूहळू विरत जातो, आणि आपल्याला वाटतं रेकॉर्डिंगच खराब. 'एन्हान्समेंट्स', म्हणजे या सगळ्या सोयी, पूर्ण बंद करा. फरक लगेच कळेल.

मागून सतत घूं असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष चार्जरच्या बाजूचा किंवा अर्थिंगचा आहे. प्लेअर ऑक्सने जोडलेला असताना त्याच लॅपटॉपच्या यूएसबीवर चार्जिंगलाही लावला तरी असा आवाज येऊ शकतो. ऐकताना चार्जिंग बाजूला ठेवा.

मुळात वायरच कशाला

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी बहिणीला विचारलं, "अगं, त्या प्लेअरची यूएसबी केबल आहे का?" होती. लावली. पेनड्राइव्हसारखा प्लेअर दिसायला लागला. फाइल्स लॅपटॉपवर कॉपी केल्या, व्हीएलसी या गाणी वाजवणाऱ्या अ‍ॅपवर लावल्या, संपलं. हे आधीच विचारायला हवं होतं, पण तिने केबलचं विचारलं आणि मी केबलचंच सांगत बसलो.

यूएसबी लावूनही प्लेअर दिसत नसेल, तर केबल बदला. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबल घरोघरी पडलेल्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. अँड्रॉइड फोन असेल तर वरून पट्टी ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं.

आयपॉडवाल्यांनी जरा जास्त जपावं. आयपॉडचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण कपाटांतले आयपॉड अजून चालतात. परक्या लॅपटॉपवरच्या आयट्यून्सने 'इरेज अँड सिंक' विचारलं तर नाही म्हणा. हो म्हटलंत तर आतली गाणी पुसून त्या लॅपटॉपवरची भरली जातील. जुन्या चक्रीवाल्या आयपॉडवर डिस्क म्हणून वापरायची सोय चालू असेल, तर गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि फाइल्सची नावं चार अक्षरांची, अर्थहीन असतात. घाबरू नका. गाण्याचं खरं नाव फाइलच्या आत असतं, व्हीएलसी ते दाखवतो.

ब्लूटूथची गंमत वेगळी. विंडोजवर फोन जोडला, 'पेअर्ड' दिसलं, तरी गाणं फोनवरच वाजत राहतं. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून लॅपटॉप ब्लूटूथ स्पीकरसारखा वागू शकतो, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ब्लूटूथ ऑडिओ रिसीव्हरचं छोटं अ‍ॅप घेऊन त्यात 'ओपन कनेक्शन' दाबावं लागतं. आयफोन आणि बऱ्यापैकी नवा मॅक असेल तर ब्लूटूथ सोडा, एअरप्ले ही अ‍ॅपलची बिनतारी सोय वापरा. २०२१ च्या माँटेरी या मॅकओएस आवृत्तीपासून मॅक एअरप्लेवरून आवाज घेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर भजनं लागली. लॅपटॉप सोफ्यावरच्या गादीवर, स्पीकरची जाळी खालच्या बाजूला, म्हणजे अर्धा आवाज कापसात. तो उचलून पाटावर ठेवला तेव्हा शब्द कळायला लागले. मामा थोडा वेळ ऐकत बसले, मग म्हणाले, "टाळ ठीक आहेत रे, पण पखवाज कुठे गेला?" कणीक लावलेली डावी बाजू जो खर्ज देते, तो लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही, तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. हेडफोनच्या भोकात केबल लावायची ती इथे, दुसरं टोक मोठ्या स्पीकरला. तो आता दुरुस्तीला टाकलाय.