मनोरुग्णालयात कुणी दाखल असेल तर घरच्यांना आधार कसा द्यावा

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य आधी विसरा. माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियामुळे आजवर चार वेळा दाखल झाला. दर वेळी डझनभर लोक हे म्हणाले आणि आईने त्यातल्या एकालाही फोन केला नाही. उपयोगी पडल्या त्या समोरच्या वहिनी. संध्याकाळी पोळीभाजीचा डबा दाराच्या कडीला अडकवायच्या आणि बेल न वाजवता निघून जायच्या. आता ओळखीत कुणाच्या घरी ही वेळ आली की लोक मला बोलावतात. मी काय करते ते सांगते.

एक काम उचला. डबा, मुलांना शाळेतून आणणं, आजोबांच्या गोळ्या, काहीही. एकच, पण रोज.

पिशवी भरायला मदत करा. पायजम्यातली नाडी काढून इलॅस्टिक घाला; नाडी, पट्टा, ओढणी सहसा आत नेऊ देत नाहीत. पहिल्या खेपेला आईने नाडी वॉर्डाच्या दारात, वॉचमनसमोर ओढून काढली होती. हे घरीच उरकावं.

कागदांची फाईल करा आणि कुठल्या कलमाखाली दाखल केलंय ते विचारून तिच्यावर लिहून ठेवा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ८६ म्हणजे पेशंट स्वतःहून आलेला. त्याने घरी सोडा म्हटलं तर सोडावं लागतं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. कलम ८९ म्हणजे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने बोलणाऱ्या, बहुधा घरच्याच माणसाच्या) अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत. विमा असेल तर ‘मानसिक आजाराला मिळत नाही’ हे ऐकून परत फिरू नका, याच कायद्याचं कलम २१ दाखवा.

आता अवघड टप्पा. पहिली भेट, आणि त्याहूनही भेटीनंतरचा अर्धा तास.

पेशंट म्हणतो, ‘मला घरी ने.’ माझ्या एकतीस वर्षांच्या भावाने आईचा पदर धरला होता. ‘इथे उपाशी ठेवतात. मी आता बरा आहे.’ आई बाहेर येऊन बाकावर बसली ती उठेचना. सोबत मामा होते. ते म्हणाले, ‘आपल्या माणसाला असं टाकून कसं जायचं?’ झालं. नवव्या दिवशी ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ या कागदावर सही करून आम्ही त्याला घरी आणलं. सही माझीच होती. पाचव्या दिवसापासून गोळ्या बेसिनमध्ये जाऊ लागल्या, आणि तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा दाखल केलं तेव्हा पोलिसांना बोलवावं लागलं. नवव्या दिवशी झोप लागायला लागलेली असते, चेहरा जरा उजळतो, त्यावर आम्ही फसलो. भास आणि संशय खरोखर ओसरायला औषधांना काही आठवडे द्यावे लागतात.

म्हणून त्या दिवशी सोबत जाच. वॉर्डात नाही, बाहेर बाकावर बसा. बाहेर आलेल्या आईला आधी चहा द्या. तिला रडू द्या, ‘रडू नका’ म्हणू नका. आणि एकच गोष्ट ठामपणे सांगा: आज काही ठरवायचं नाही, सही करायची नाही, जे काय ते डॉक्टरांशी बोलून. मामांनी तोंड उघडलं तर त्यांना गाडी काढायला पाठवा.

पण ‘आजारात माणूस काहीही बोलतो’ असं म्हणून तक्रार झटकूही नका. आजारी माणूस खरंही बोलतो. मारतात म्हणाला तर कुणी, कधी, कुठे ते विचारा, हात-मनगटं बघा, तारीख टिपून ठेवा, डॉक्टरांना विचारा; समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. आमच्या भावाची तक्रार निम्मी खरी निघाली. जेवण सहाला व्हायचं आणि औषधांमुळे त्याला दहाला कडकडून भूक लागायची. सिस्टरशी बोलून बिस्किटांचा पुडा ठेवायची सोय झाली.

घरच्यांना खोटंही बोलू देऊ नका. ‘उद्या नेतो’ तर मुळीच नाही. पहिल्या वेळी आम्ही लोणावळ्याला जाऊ म्हणून त्याला गाडीत बसवलं होतं. पुढे दोन वर्षं तो आमच्याबरोबर गाडीत बसला नाही. ‘गुरुवारी येते’ एवढंच म्हणायचं आणि गुरुवारी जायचं. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी लांबलांब. गावाकडच्यांचा एका भेटीत अख्खा दिवस जातो. तेव्हा पाळ्या लावा, एक पाळी तुम्ही घ्या.

नातेवाइकांचे फोन तुमच्याकडे वळवा. ‘बाहेरचं काही आहे का बघा’, ‘दोनाचे चार हात केले की ठिकाणावर येईल’ यांना ‘बरं’ म्हणून फोन ठेवायचा. ‘आईनेच लाडावलं’ म्हणणाऱ्याला मात्र मी सोडत नाही. हा मेंदूचा आजार आहे, लाडाने होत नाही.

घरच्यांना बोलायला त्यांच्यासारखं कुणीतरी मिळवून द्या. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा स्वमदत गट आहे. तिथे काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. आईचा राग आम्हाला पहिल्यांदा कळला तो अशा गटात, घरी नाही. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो घरच्यांसाठीही आहे.

पेशंट घरी आला की लगेच बघायला धावू नका. आणि गेलात तर ‘ओळखलंस का मला?’ विचारू नका. माझ्या भावाला एका दुपारी तीन काकवांनी विचारलं. तिसरीला तो म्हणाला, ‘काकू, मी आजारी होतो, परदेशात नव्हतो.’

डबा मात्र चालू ठेवा. आमच्याकडे भाऊ परत आल्यावर आई रात्री दोन-दोनदा उठून तो झोपलाय का ते बघायची. सकाळी पोळ्या लाटायचं त्राण कुठून यायचं?