कंबरदुखीसाठी गटाने व्यायाम: सोसायटीतच वर्ग कसा सुरू करावा

कंबर तीन महिन्यांहून जास्त काळ दुखत असेल, तर पडून राहून ती बरी होत नाही, उलट आखडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अशा दुखण्यासाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाचा समावेश आहे. कमरेचा पट्टा नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असेही त्यात म्हटले आहे. पण एकट्याने केलेला व्यायाम आठवड्याभरात सुटतो. म्हणून गट हवा.

आधी प्रत्येकाने डॉक्टरांना दाखवून यावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागी बधिर वाटू लागले किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना उतरलेले वजन, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, हेही तपासल्याशिवाय वर्गात येऊ नये.

मग आठ-दहा जण जमवा. सोसायटीचा हॉल, सतरंज्या, हात नसलेल्या भक्कम खुर्च्या एवढे पुरे. खर्च करायचाच तर फिजिओथेरपिस्टवर करा. त्यांनी सुरुवातीला प्रत्येकाला पाहून व्यायाम ठरवून द्यावा. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, निदान बारा आठवडे.

सुरुवातीला पाच मिनिटे जागच्या जागी चालणे. मग हात न टेकवता खुर्चीतून उठणे-बसणे, मार्जारासन (हात-गुडघ्यांवर ओणवे राहून पाठ वर-खाली करणे), सेतुबंधासन (उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे). प्रत्येकी आठ वेळा, जमल्यास पुन्हा आठ. शेजारचा दहा करतो म्हणून आपण दहा करायचे नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो भीतीला. ‘मणक्यात गॅप आहे’ हे एकदा कानावर पडले की माणूस वाकणेच सोडतो. खरे तर मणक्यांतली झीज कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी दोन वर्षे बादली उचलली नव्हती. त्यांच्यासाठी रिकामी बादली स्टुलावर ठेवली. गुडघे वाकवून, बादली अंगाजवळ धरून त्यांनी ती उचलली. पुढच्या आठवड्यात दोन तांबे पाणी, मग पाव बादली, मग स्टूल काढले. सातव्या आठवड्यात अर्धी बादली जमिनीवरून उचलताना त्यांनी श्वास रोखला नव्हता, हे सगळ्यांनी पाहिले. त्या दिवशी आणखी दोघींनी बादली मागितली.

व्यायामानंतर थोडे ठणकले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवले, तर काळजी नको. जास्त दुखत राहिले तर पुढच्या वेळी आकडा निम्मा करा, वर्ग बुडवू नका. कळ किंवा मुंग्या पायात उतरू लागल्या तर मात्र थांबून फिजिओथेरपिस्टना सांगा.

वर्ग संपल्यावर चहाला दहा मिनिटे राखून ठेवा. कोण आले नाही ते तिथेच कळते, आणि त्याला त्याच संध्याकाळी फोन जातो.