मल्टी-इफेक्ट्स पेडल निवडताना या चुका टाळा: आधी ॲम्पची मागची बाजू पाहा

सोलापुरात लग्नसराईतील ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवातील कार्यक्रम किंवा चर्चमधील उपासना यांत गिटार वाजवणारे अनेकजण मल्टी-इफेक्ट्स पेडल (गिटारच्या आवाजावर अनेक इफेक्ट चढवणारे एकच यंत्र) पुण्याहून आणतात किंवा ऑनलाइन मागवतात. त्यामुळे ते आपल्याच ॲम्पला (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरला) जोडून ऐकण्याची संधी पैसे दिल्यानंतरच मिळते. त्यातच निवड करताना पेडलमध्ये किती इफेक्ट आहेत हे मोजले जाते आणि ज्या ॲम्पला ते जोडायचे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या अनुभवात पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी, की हेडफोनवर सुरेख वाटणारा आवाज ॲम्पमधून कोंदट आणि गुदमरलेला येतो. याचे कारण पेडल खराब असणे हे क्वचितच असते. मल्टी-इफेक्ट्समधील तयार पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगच्या संचात) इफेक्टबरोबर एक संपूर्ण ॲम्प (म्हणजे ‘ॲम्प मॉडेल’) आणि त्याचे स्पीकर कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, यांची नक्कल भरलेली असते, कारण तो पॅच हेडफोनवर किंवा थेट मिक्सरमध्ये ऐकला जाईल असे गृहीत धरलेले असते. तोच पॅच गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये सोडला, की एका प्रीॲम्पवर (ॲम्पच्या स्वर घडवणाऱ्या पहिल्या भागावर) दुसरा प्रीॲम्प आणि कॅबिनेटच्या नकलेवर खरा स्पीकर चढतो. वरचे स्वर दोनदा गाळले जातात आणि खालचे स्वर फुगतात. यावर उपाय म्हणून नवा ॲम्प घेणारे मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण उपाय दोन मिनिटांचा असतो: पॅचमधील कॅबिनेट बंद करावे, ॲम्प मॉडेलही बंद करावे, ॲम्प क्लीन (न फाटणाऱ्या आवाजाच्या) चॅनेलवर ठेवून त्याचे बास, मिडल आणि ट्रेबल मध्यावर आणावेत, आणि मग एकेक इफेक्ट सुरू करत ऐकावे. हेच पेडल उद्या सभागृहाच्या मिक्सरला थेट जोडायचे असेल, तर ॲम्प मॉडेल आणि कॅबिनेट दोन्ही सुरू असलेले पॅच वेगळे साठवून ठेवावेत.

दुसरी चूक खरेदीपूर्वीची आहे. ॲम्पच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे दोन जॅक, म्हणजे प्रीॲम्पनंतर सिग्नल बाहेर काढून परत आत घेणारी ‘लूप’, आहेत का, हे पाहिल्याशिवाय पेडल ठरवू नये. ॲम्पचे स्वतःचे डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) आवडत असेल, तर डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) त्याच्यानंतर यायला हवेत. ते पुढच्या इनपुटमधून गेले, तर प्रत्येक प्रतिध्वनीवरही डिस्टॉर्शन चढते आणि सारे एकमेकांत मिसळते. यासाठीची चार केबलची जोडणी (गिटार ते पेडल, पेडलचे सेंड ते ॲम्पचे इनपुट, ॲम्पचे सेंड ते पेडलचे रिटर्न आणि पेडलचे आउटपुट ते ॲम्पचे रिटर्न) तेव्हाच शक्य होते, जेव्हा ॲम्पप्रमाणे पेडललाही स्वतःचे सेंड-रिटर्न असतात. लाइन ६ कंपनीच्या पॉड गो किंवा एचएक्स स्टॉम्प या पेडलमध्ये ती सोय आहे. बॉस जीटी-१ किंवा झूम जी१ फोर या पेडलमध्ये नाही. उलट, घरी सरावाचा लहान ॲम्प असेल आणि त्याला लूपच नसेल, तर केवळ चार केबलसाठी महाग पेडल घेण्यात अर्थ नाही. काही ॲम्पना, उदाहरणार्थ बॉस कटाना ५० एमके २ ला, फक्त ‘पॉवर ॲम्प इन’ (प्रीॲम्प टाळून थेट आवाज मोठा करणाऱ्या भागात जाणारा जॅक) असतो. तिथे पेडल जोडताना ॲम्प मॉडेल सुरू आणि कॅबिनेट बंद ठेवावे, आणि पेडलचा आवाज शून्यावरून हळूहळू वाढवावा.

आवाज क्लीन असूनही फाटत असेल, तर पेडलचे आउटपुट सेटिंग तपासावे. मिक्सरसाठीची लाइन पातळी गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला फार जास्त होते. जीटी-१ च्या मेनूत आउटपुट कशाला जोडले आहे, ॲम्पला की लाइन/फोन्सला, हे निवडता येते. ॲम्प एकच असेल तर केबल ‘एल/मोनो’ जॅकमध्येच लावावी.

घरघरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. आपल्या पूर्व भागात यंत्रमागाला लागून असलेल्या खोलीत सराव करणाऱ्यांची सिंगल कॉइल पिकअपची (तारांचे कंपन टिपणाऱ्या एकेरी गुंडाळीच्या चुंबकाची) गिटार यंत्रमागाच्या मोटारींची गुणगुण सहज पकडते; उभे राहण्याची दिशा बदलल्यावर ती कमी-जास्त झाली, तर दोष पिकअपकडे आहे. पेडलमधील नॉइज गेट हा इफेक्ट वाजवणे थांबल्यावरच आवाज बंद करतो, वाजत असताना ती गुणगुण खालून येतच राहते. दिशा बदलूनही फरक पडत नसेल, तर जीटी-१ किंवा जी१ फोरसारखे पेडल चार एए सेलवर चालवून पाहावे; घरघर थांबली, तर ॲडॉप्टर दोषी आहे. ॲडॉप्टर घेताना व्होल्टेज आणि ध्रुव (प्लगच्या मधल्या व बाहेरील भागाचे धन-ऋण) नेमके जुळले पाहिजेत, आणि करंट गरजेइतका किंवा त्याहून अधिक असावा. जी१ फोरला ९ व्होल्ट व ५०० मिलिअँपिअर लागतात, तर एचएक्स स्टॉम्पला ९ व्होल्टवरच ३ अँपिअर. मांडवात घरघर थांबावी म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे आढळतात. असे कधीही करू नये. ॲम्पमध्ये बिघाड झाल्यास विजेचा प्रवाह गिटारच्या तारांतून थेट वाजवणाऱ्याच्या हातात येऊ शकतो.

शेवटी, घरी रात्री हळू आवाजात बसवलेले पॅच. कमी आवाजात कानाला खर्ज आणि अतितार स्वर कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवतो. तोच पॅच सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर सभागृहात मोठ्या आवाजात लावला, की खर्ज घुमतो, ट्रेबल टोचतो आणि मधले स्वर ढोलकी-कीबोर्डखाली हरवतात. कार्यक्रमाच्या साउंड चेकला पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना रिव्हर्ब निम्म्यावर आणावा, गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण) थोडा उतरवावा, मिडल वाढवावा, आणि ते पॅच सभागृहासाठी म्हणून पेडलच्या वेगळ्या बँकेत (पॅचच्या गटात) साठवावेत.