रमजानमध्ये खायचं काय, कधी आणि किती

आमच्या घरी रमजानच्या पहिल्या तीन दिवसांत दोन तक्रारी हमखास असायच्या. दुपारी डोकं ठणकायचं आणि रात्री पोट फुगायचं. डोक्याचं खापर रोज्यावर फुटायचं, पोटाचं उन्हाळ्यावर. दोन्ही दुखणी खरी स्वयंपाकघरातूनच आलेली. चहा एकदम बंद झाला म्हणून डोकं दुखायचं. मगरिबची (सूर्यास्ताची) अजान झाल्यावर दहा मिनिटांत पाच भजी, दोन समोसे आणि तीन ग्लास सरबत पोटात गेलं, की ते फुगणारच.

आठवडाभर आधी

चहाचे कप मोजा. दिवसाला चार होत असतील तर तीन करा, दोन दिवसांनी दोन, मग एक, आणि तो एकही पहाटेकडे सरकवा. कॅफिन अचानक थांबलं की पहिले दोन-तीन दिवस डोकं धरतं; हळूहळू कमी केलं तर सहसा तेवढा त्रास होत नाही. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांचंही तेच. तेवढ्यासाठी तरी रमजान बरा मुहूर्त आहे.

मधुमेह, रक्तदाब, किडनीचा विकार असेल, किंवा गरोदर असाल, बाळाला दूध पाजत असाल, तर एका आठवड्याची तयारी पुरत नाही. दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटा. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

सहरी

सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं खाणं. ती चुकवणारे दोन प्रकारचे असतात. एक झोपेला प्रिय मानणारे, दुसरे 'मला काही होत नाही' म्हणणारे. दोघेही दुपारी साधारण चारच्या सुमाराला चिडचिडे होतात. रात्री बारा वाजता भरपेट जेवून झोपणं म्हणजे सहरी नव्हे. सहरी शेवटच्या वेळेकडे आणि इफ्तार (रोजा सोडणं) वेळ होताच, हीच सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत; शरीरालाही तेच सोयीचं, कारण उपाशी राहण्याचे तास कमी होतात.

ताटात काय? हळूहळू पचणारं काही, थोडं प्रथिन, थोडं पाणीदार. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही आणि केळं, एवढ्यात काम होतं. कोकणात नाचणीची भाकरी किंवा ताकातलं आंबील घ्या. भाकरी नको वाटली तर दलिया किंवा ओट्स. मैद्याचा ब्रेड-जॅम आणि साखरेचा चहा घेतला तर नऊ वाजताच पोटात कावळे ओरडायला लागतात.

लोणचं, पापड, फरसाण आणि रात्रीची उरलेली निहारी या वेळी बाजूलाच ठेवा. मीठ आणि तेल-मसाला दुपारी घशाला कोरड पाडतो. खाऊन लगेच आडवं होऊ नका, छातीत जळजळेल. फजरची (पहाटेची) नमाज आणि थोडं चालणं यात अर्धा तास सहज जातो.

पाणी

सहरीला घटाघटा चार ग्लास पिऊन दिवसभराची सोय होत नाही. त्यातलं बरंचसं दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातं. त्याऐवजी रात्रभर वाटून प्या. माझा हिशेब असा: इफ्तारला दोन ग्लास, जेवणासोबत एक, तरावीहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजेच्या) आधी-नंतर मिळून तीन, झोपताना एक, सहरीला दोन. नऊ ग्लास झाले, म्हणजे दोन लिटरच्या वर. सुरुवातीला बाटली मशिदीत सोबत न्या, मग सवय लागते. लघवी गडद पिवळी दिसली तर हिशेब कुठेतरी चुकतोय.

मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजा साधारण तेरा तासांचा असतो. 2018 साली रमजान मेच्या मध्यात सुरू झाला होता, तेव्हा तो चौदा तासांच्या वर जायचा, वर कोकणातला घाम. चंद्रवर्षामुळे महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुढची काही वर्षं हवामान आपल्या बाजूने आहे. उन्हात काम करणाऱ्यांनी, हमालांनी, बांधकामावरच्यांनी मात्र अवजड काम जमेल तितकं सकाळीच उरकावं.

इफ्तार

इथेच सगळं बिघडतं. खजूर आणि पाण्याने रोजा सोडा; एक, तीन किंवा पाच, रिवाजाप्रमाणे. खजुराची साखर लवकर अंगात भिनते. मग मगरिबची नमाज पढा, आणि त्यानंतर जेवायला बसा. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मेंदूला कळतं की पोटात काही आलंय, आणि हात आपोआप आवरतो. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने संपूर्ण महिन्यातली सगळ्यात फायद्याची सवय हीच.

जेवणात सूप किंवा शोरबा, एक डाळ किंवा मांसाचा तुकडा, भाजी, पोळी किंवा भात, आणि कलिंगड-पपई. भजी-समोसे पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, घरात बंड होईल. आठवड्यातून दोन-तीन दिवस ठेवा, आणि तेल एकदा वापरलं की पुन्हा पुन्हा तापवू नका. लाल-गुलाबी सरबतात साखर भरपूर असते. त्याऐवजी सब्जा घातलेलं लिंबू सरबत, कमी साखरेचं कोकम सरबत किंवा ताक चालेल. हलीम तर उत्तम. गहू, डाळी आणि मांस एकत्र असतं, फक्त वरचं तूप आणि तळलेला कांदा आवरा.

मुंबईत मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीजवळ खायला एकदा तरी जायचंच असतं. जा. पण भुकेल्या पोटी जाऊ नका, घरून इफ्तार करून जा आणि मालपुवा दोघांत एक घ्या.

औषधं घेणाऱ्यांसाठी

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रोज्यात साखर खाली जाण्याचा धोका असतो. वेळ आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांकडून लिहून घ्या. ग्लुकोमीटर जवळ ठेवा; बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा (धर्मपंडित) सांगतात. साखर 70 च्या खाली आली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. मगरिबला पंधरा मिनिटं राहिली आहेत म्हणून थांबायचं नाही. घाम सुटणं, हात थरथरणं, गरगरणं, काळीज धडधडणं ही साखर उतरल्याची खूण असू शकते.

कुराणाच्या सूरह बकरामध्ये (आयत 184-185) आजारी आणि प्रवाशाला दुसऱ्या दिवसांत रोजे पूर्ण करण्याची सवलत स्पष्ट दिली आहे. ती वापरणं म्हणजे कमकुवतपणा नव्हे. आमच्या मोहल्ल्यात हे पटायला वेळ लागतो, म्हणून पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

ईदच्या सकाळी

महिनाभर एका वेळापत्रकाला सरावलेल्या पोटाला ईदला एकदम धक्का बसतो. सकाळी नमाजेला जाण्याआधी दोन खजूर खा. मग सहा घरी सहा वाट्या शीरखुर्मा असतोच. प्रत्येक ठिकाणी दोन चमचे वाढायला सांगा, आणि काकू रागावल्या तर सांगा की डब्यात भरून द्या, संध्याकाळी खातो.