शेलकडे जरा नीट बघा: जिऑलॉजीत नवीन आलेल्यांसाठी

जिऑलॉजीला नवीन आलेली मुलं क्रिस्टल, गार्नेट, ग्रॅनाइट असल्या देखण्या गोष्टींत रमतात आणि शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा खडक) समोर आला की वहीत "काळा, बारीक कणांचा, थर आहेत" एवढं खरडून पुढे जातात. मला हे काही पटत नाही. जगातल्या गाळाच्या खडकांपैकी निम्म्याहून जास्त खडक या मातकट गटातलेच आहेत, आणि पुढे काम तेलाचं असो, बोगद्याचं असो नाहीतर भूजलाचं, शेल आडवा येतोच.

आधी कणांचं बघू. ०.००४ मिलिमीटरपेक्षा बारीक ते क्ले, त्यापासून साधारण ०.०६ पर्यंत सिल्ट, आणि शेलमध्ये दोन्हीचं मिश्रण असतं. असा गाळ खाली बसायला पाणी शांत लागतं, म्हणजे खोल समुद्र, तळी, लगून, पुराची मैदानं वगैरे. क्ले मिनरल्स मुळातच चपटी, वर गाळाचं वजन वाढत गेलं की पाणी पिळून निघतं आणि हे चपटे कण आडवे होत जातात, म्हणून शेलचे पापुद्रे निघतात. तोच चिखल, पण त्यात किडे-प्राण्यांनी बिळं करून थर ढवळून टाकले असतील तर पापुद्रे निघत नाहीत, ठोकळेच निघतात, तो मडस्टोन. वहीत नुसतं शेल लिहू नका, पापुद्रे किती जाडीचे निघतात तेही लिहा.

फिल्डवर सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे दात, हसू नका. ताज्या फुटीचा अगदी छोटा कण पुढच्या दातांत धरायचा, गुळगुळीत लागला तर क्ले जास्त, कचकच लागली तर सिल्ट. मग डायल्यूट हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकायचा, फसफसलं तर कॅल्साइट आहे. क्रम तेवढा सांभाळा, आधी दात मग ॲसिड.

व्हायव्हाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे शेल आणि स्लेटमधला फरक. स्लेट म्हणजे शेलसारखाच खडक दाब-उष्णतेने बदलून झालेला. हातोडीने ठोकलं की स्लेट खणखणीत वाजतो, शेलचा आवाज बद्द येतो. पण खरा फरक फुटण्याच्या दिशेत आहे, शेल थराला धरून फुटतो आणि स्लेट दाबामुळे नव्याने तयार झालेल्या क्लिवेजवर (म्हणजे फुटण्याच्या पातळ्यांवर), त्यामुळे तुकड्याच्या कडेला भिंगाने बघा, रंगाचे पट्टे फुटीच्या पातळीला आडवे छेदून जात असतील तर तो बहुतेक स्लेट.

रंगावरून अंदाज बांधता येतो पण बेताने. काळा म्हणजे ऑक्सिजन कमी, सेंद्रिय कार्बन आणि बऱ्याचदा पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज), लाल म्हणजे हेमॅटाइट (लोखंडाचं ऑक्साइड). कार्बन थोडाच असला तरी खडक काळाभोर दिसू शकतो, म्हणून काळा दिसला की लगेच "सोर्स रॉक" (ज्यात तेल-गॅस तयार होतो तो खडक) असं ठोकून देऊ नका. रंग ताज्या फुटीचा घ्या आणि तुकडा ओला होता की कोरडा तेही नोंदवा. फॉसिल शोधायचे तर पापुद्रे थराच्या दिशेने अलगद उकलायचे. कॅनडातला बर्जेस शेल अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ वॉलकॉट यांना १९०९ मध्ये सापडला, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे मऊ शरीराचे प्राणीसुद्धा त्यात टिकलेत, ते या बारीक चिखलात पटकन गाडले गेले म्हणूनच.

आता नोकरीकडे येतो. कोअर लॉगिंगला (ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या दांडक्याची, म्हणजे कोअरची, नोंद करायला) लागलात तर एक गोष्ट लवकर कळेल, पेटीत ठेवलेला ताजा शेलचा कोअर अखंड दांडक्यासारखा दिसतो आणि वाळायला लागला की त्याच्या चकत्या व्हायला लागतात, मग मूळच्या भेगा कुठल्या आणि नंतरच्या कुठल्या ते कोणाच्या बापाला कळत नाही. म्हणून फोटो आणि लॉग त्याच दिवशी करा, आणि टेस्टिंगचे तुकडे लगेच प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळून मेणाने बंद करा.

तेलाच्या कामात शेल तेल तयारही करतो आणि वरून झाकण बनून ते अडवूनही धरतो. टेक्सासच्या बार्नेट शेलमधून गॅस निघाला तो आधी फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडणं) आणि पुढे त्याला आडव्या ड्रिलिंगची जोड मिळाली म्हणून, खडकातून स्वतःहून काही वाहत नव्हतं. गामा रे लॉगवर (विहिरीतल्या खडकाचा किरणोत्सार मोजणाऱ्या आलेखावर) शेल उजवीकडे, म्हणजे जास्त किरणोत्साराकडे, जातो कारण त्यातले पोटॅशियम, थोरियम, युरेनियम, पण पोटॅशियम फेल्डस्पार भरपूर असलेला सँडस्टोनही तसाच जातो, तेव्हा कटिंग्ज (ड्रिलिंगमधून वर येणारे खडकाचे तुकडे) बघितल्याशिवाय सही करू नका.

बोगदे-उतारांच्या कामात स्लेक ड्युरेबिलिटी टेस्ट (ओलं-कोरडं होताना खडक किती टिकतो ते बघणारी) येते, पण त्याआधी एक तुकडा रात्रभर पाण्यात टाकून ठेवा, सकाळी चिखल झाला असेल तर स्मेक्टाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या क्ले मिनरलचा) संशय घ्यायचा. खात्री मात्र एक्सआरडीवरच (एक्स-रेने खनिज ओळखणाऱ्या मशीनवरच) होते, म्हणून जमलं तर ते मशीन शिकून घ्या. ग्लायकोल (एक द्रव रसायन) दिल्यावर स्मेक्टाइटचा आलेखावरचा पीक साधारण १७ अँगस्ट्रॉमकडे (खनिजातल्या थरांमधल्या अंतराचं माप) सरकतो आणि ५५० अंश सेल्सिअसला तापवल्यावर केओलिनाइट या दुसऱ्या क्ले मिनरलचा ७ अँगस्ट्रॉमचा पीक गायब होतो. मुलाखत घ्यायला बसलो की मी हे विचारतोच, आणि का सरकतो तेही विचारतो.