आधी मायक्रोमीटर, मग सीएनसी

दहावीनंतर मशीनिंगकडे वळायचं तर आयटीआयचे दोन ट्रेड थेट कामाचे: टर्नर आणि मशिनिस्ट. दोन्ही दोन वर्षांचे. टर्नर मुख्यतः लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या मशीनवर. मशिनिस्टला मिलिंग आणि ग्राइंडिंगही. गोव्यात म्हापसा, फर्मागुडी, मडगाव अशा जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये यंदा कोणता ट्रेड सुरू आहे ते अर्जाआधीच विचारून घ्या.

सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, बटणांची घाई नको. पहिला सराव लेथवर, साधा: 25 मिमी व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा), एच-9 (लहान h) टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाला मुभा 24.948 ते 25.000 मिमी. माइल्ड स्टील, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, कटिंग स्पीड मिनिटाला 25 ते 30 मीटर धरला तर सुमारे 320 ते 380 आरपीएम (मिनिटाला फेरे). जमलं की एच-7 वर या. तिथे मुभा फक्त 0.021 मिमी. आता 0.01 मिमी वाचणारा मायक्रोमीटर (स्क्रूने बारीक माप घेणारं साधन) अपुरा, 0.001 वाचणारा हवा.

चुका ठरलेल्या असतात. टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हे न पाहता कट दिला की 0.5 च्या जागी 1 मिमी निघून जातो. डायलवरची खूण ओलांडली तर नुसतं मागे येऊ नका, अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई फसवते. जॉब (कापायचा तुकडा) त्याला पकडणाऱ्या चकाबाहेर व्यासाच्या तिप्पटीहून लांब असेल तर समोरच्या टेलस्टॉकचा सेंटर, म्हणजे टोकदार आधार, लावा. तो न लावल्यास जॉब टूलपासून दबतो आणि मोकळ्या टोकाला जाड राहतो. सेंटर लावूनही टेपर (एका टोकाला निमुळतेपणा) येत असेल तर टेलस्टॉकची रेषा तपासा.

कट संपताच मापू नका. 20 अंशांनी गरम असलेला 25 मिमीचा जॉब सुमारे 0.006 मिमी फुगलेला असतो. एच-7 च्या मुभेतला चौथा हिस्सा तिथेच गेला! मायक्रोमीटर रॅचेटनेच (दाब सारखा ठेवणाऱ्या टोकाच्या मुठीनेच) फिरवा, आणि रोज सकाळी शून्य तपासा.

गोव्याच्या पावसाळ्यात घामेजल्या बोटाचा ठसा स्लिप गेजवर (माप पडताळायच्या अचूक पोलादी ठोकळ्यांवर) गंजून उठतो. वापरून झाल्यावर पुसा, गंजरोधक तेलाचा पातळ थर द्या. आळस इथे महाग पडतो.

हे हातात बसल्यावर सीएनसी: जी-54 (जॉबचा शून्यबिंदू), टूल ऑफसेट (प्रत्येक टूलच्या मापाची नोंद), मग जॉब न कापता हवेतला कोरडा रन. बऱ्याच धडका ऑफसेटमधल्या चुकलेल्या अधिक-उणे चिन्हामुळे किंवा दशांशामुळे होतात.

अप्रेंटिसशिपसाठी वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत गेलात तर स्टायपेंडआधी एक विचारा: मापं मी घेणार, की नुसता माल चढवणार? आणि सोबत तुमची वही न्या. त्यात प्रत्येक जॉबचं मागितलेलं माप, आलेलं माप आणि फरकाचं कारण लिहिलेलं असावं.